शेपूट लावलेले शब्द

३ नोव्हेंबर, सोमवार

हार्म आला. न कळवता! आईकडे यायचं तरी चार दिवस आधी फोन करणारा माझा लेक, आज थेट दारात. कॉफी दिली, एक बिस्कीट दिलं, डब्याचं झाकण लावलं. तर म्हणतो, "आई, अजून एक कॉफीत्ये?" कॉफीत्ये! म्हणजे इवलीशी कॉफी. चाळिशी उलटलेला घोडा! पण हे लहानपणापासूनचं — काही हवं असलं की याच्या शब्दांना शेपूट फुटतं. माझ्या तोंडून नाही निघत असलं लाडिक.

काय हवंय याला?

५ नोव्हेंबर, बुधवार

दुपारची शाळा नाही, म्हणून हार्मची लेक फेना माझ्याकडे. आठ वर्षांची. डच भाषेचा गृहपाठ, आणि नेमका शेपटांचाच! टाळ्या वाजवून तुकडे मोजायचे. "आज्जी, बोम म्हणजे झाड. आणि इवलंसं झाड?" बोम्प्ये, मी म्हटलं. दोन टाळ्या. "मधे प येतो हे तुला कसं कळलं?" तोंडालाच कळतं गं. म म्हणताना ओठ मिटतात, उघडले की प आलाच. मग अंगठी. रिं-गे-त्ये. तीन टाळ्या. मग पलंग, म्हणजे बेड. वहीत ड लिहिला आणि म्हणाली बेत्ये. "लिहायला ड, बोलायला त!" मी म्हटलं, म्हणजे तुझ्या बापासारखंच — पोटात एक, ओठात एक. हसली नाही पोर.

सहावीत शाळा सुटली माझी, कोळंबी सोलायला बसवलं. पण एवढं कळतं मला.

८ नोव्हेंबर, शनिवार

सून रूलीन फीत घेऊन पुढच्या खोलीत! भिंत मोजली, खिडकी मोजली, दारसुद्धा. मी म्हटलं, काय गं, माझ्या शवपेटीचं माप घेतेस? "काहीतरीच काय, आई! सहज." सहज कोण दार मोजतं? हार्म म्हणाला, "आई, एक विचारायचं होतं. फ्राख्ये." इवलासा प्रश्न! मी म्हटलं, आज नाही.

घर विकतायत. मला त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत टाकणार, जिथे परक्या पोरी चमचा पुढे करून "सूप्ये घेता ना?" म्हणतात.

९ नोव्हेंबर

हार्मचा फोन. उचलला नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फेना आली नाही. रूलीनचा निरोप — डॉक्टरकडे जायचंय, छोटंसं काम. कळलं! मला वेडी ठरवायची, म्हणजे सही मागायला नको. घराचे कागद गादीखाली घातले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हार्म आला. कॉफीला हात लावला नाही. "आई, पुढच्या खोलीत एक बेत्ये ठेवलं तर?"

मी उसळले. कोणाला आणून ठेवतोस माझ्या घरात? भाडेकरू?

"मला. आमचे तीन जिने चढवत नाहीत आता. आणि तुझ्या खिडकीतून समुद्राचा बांध दिसतो."

फुप्फुसात गाठ आहे म्हणाला. गाठीला शेपूट नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पलंग आला. दारातून जेमतेम आत गेला. बिस्किटांचा डबा त्याच्या उशाशी ठेवलाय, उघडाच.

"सूप्ये घेतोस ना, हार्म्प्ये?" मी विचारलं.