कानस लागलेली घागर

श्रीदेवीअक्का,
शरणु शरणार्थी.

आईची तांब्याची घागर चोरीला गेली, असं मी तेरा वर्षांमागं सांगितलं. ती मीच विकली होती. कामून, ते विचारू नकोस. व्यापारी म्हणाला, दुसऱ्याचं नाव कोरलेलं भांडं शहरात कुणी घेत न्हाई. म्हणून आईच्या माहेरच्यांनी लग्नात टिंबाटिंबांनी घालून दिलेलं ‘अक्कम्मा’ हे तिचं नाव मी कानशीनं घासून काढलं. त्याच टिंबांवरनं बोट फिरवत आपण दोघं अक्षरं शिकलो होतो.

औंदा गुलबर्ग्याला जुन्या वस्तूंच्या लिलावात ती समोर आली. पुकारणारा म्हणाला, “गळ्याजवळ घासलंय, बाकी माल चांगला हाय.” घासलेल्या जागेवरनंच मी ओळखली. वर केलेला हात घागर मिळेपर्यंत खाली घेतला न्हाई.

पंचमीला तू माहेरी आलीस. सापडली एकदाची, एवढंच मी म्हणालो. तू घागरीतलं पाणी प्यालीस आणि तिच्याजवळ बसलीस. बोलता बोलता तुझं बोट त्या कोऱ्या जागेवर फिरायला लागलं. अ, मग क्क, मग म्मा. एकही अक्षर चुकलं न्हाई.

आता हे पत्र कुठल्या तोंडानं टाकू?

तुझा धाकटा,
चन्नवीर
हुलसूर