उतारावरच्या खुर्च्या

बाबा, मंगळवारी मी चीनमधल्या एका डोंगरावरची इमारत तुमच्या पाणसळीने सपाट करून टाकली. डोंगर लाकडाचा होता, आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा, पातळ फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून केलेला, आणि इमारत म्हणजे चहाच्या मळ्यात गावकऱ्यांना बसायला बांधलेल्या एका सभागृहाचं मॉडेल. पण कुणाचं तरी काम मी मन लावून बिघडवलं हे खरंच. ते सगळं सांगायचं म्हणून बसलेय. कागदही ते मॉडेल ज्या लाकडी क्रेटमधून आलं त्यातलाच आहे, सामान गुंडाळायचा, तपकिरी. पेन नीट उठत नाही त्यावर.

तुम्ही गेल्यानंतरच्या या दहा-बारा वर्षांत मी काय काय केलं ते सांगायला लागले तर गाडी कुठल्या कुठे जाईल. कॉलेज दोनदा धरलं, दोनदा सोडलं. मध्ये एका बेकरीत होते, एका सफरचंदाच्या बागेत होते, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात एका काकूंच्या बेसमेंटमध्ये राहून त्यांच्या डब्यांच्या डिलिव्हरी करत होते. (त्या काकू पोळ्यांना तूप लावताना इंग्रजी बातम्यांशी मराठीत भांडायच्या. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.) आता प्रदर्शनं मांडणाऱ्या एका कंपनीत आहे. म्युझियमचं सामान क्रेटमध्ये भरायचं, ट्रकने पुढच्या गावी न्यायचं, उघडून मांडायचं. टूलबॉक्समध्ये तुमची ती छोटी पितळी पट्टीची पाणसळ आहे. आईने दिली नाही, मीच उचलली. भिंतीवर फोटो लावताना तिच्यातला बुडबुडा मधोमध आला की अजून तुमचा हुंकार ऐकू येतो, तो नाकातला.

तर या खेपेचं प्रदर्शन नेमकं आपल्याच गावात, स्टेट कॉलेजला आलं, युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत. चीनमधल्या नव्या इमारती आणि त्यांच्या जागा. मला वाटलेलं, लाल खांब निघतील, ड्रॅगन निघतील. निघालं भलतंच. एका मॉडेलमध्ये घर एका जुन्या झाडाला वळसा घालून गेलंय, गर्दीत आजोबांना वाट द्यावी तसं. एक वाचनालय आहे, त्याची भिंत पाडलेल्या खेड्यांतल्या जुन्या कौलांची, कौलं आडवी रचलेली, एकाच भिंतीत किती घरांची छपरं. एक शाळा ओढ्यावर आडवी पडलीय आणि ओढा तिच्या खालून निवांत वाहतोय. मी क्रेट उघडायचे सोडून प्रत्येकापाशी उकिडवी बसत होते. माझा कामावरचा जोडीदार शुगर लँडचा आहे, टेक्सासचा. त्याच्या गावात फ्लायओव्हरलाच डोंगर म्हणतात म्हणे. तो वैतागून म्हणाला, की या लोकांनी आधी जमीन सपाट करून घेतली असती तर आपलं पॅकिंग किती सोपं झालं असतं.

ते चहाचं सभागृह डोंगरावर ठेवलं तेव्हा ते पुढच्या बाजूला कलत होतं. मला वाटलं, प्रवासात काहीतरी दबलंय. पाणसळ काढली, सभागृहाच्या इवल्या फरशीवर ठेवली, बुडबुडा पार टोकाला. मग खालच्या बाजूने फोमचा तुकडा कापून सरकवला, थोडा तासला, पुन्हा सरकवला, आणि बुडबुडा मध्ये आला. नाकातला हुंकारही ऐकू आला. मी मागे सरून बघतेय, खूश आहे, तेवढ्यात प्रदर्शनाबरोबर आलेल्या बाई आल्या. चीनमध्ये आर्किटेक्चर शिकवतात, बारीक चणीच्या, पायात धावायचे बूट. त्यांनी वाकून फोमकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, भूकंप झाला का इथे? त्या सभागृहाची जमीन मुद्दाम उताराची आहे. डोंगर जसा खाली जातो तशी तीही जाते. आत शिरणाऱ्याच्या पायाला कळावं, आपण अजून डोंगरावरच आहोत.

मी फोम काढला, सॉरी म्हटलं आणि लगेच विचारलं, मग तिथे खुर्च्या कशा ठेवतात? मला राहवेना. बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न आर्किटेक्टने विचारायला हवा होता. सभागृह उघडलं तेव्हा फोटो फार सुंदर आले, पण गावातल्या म्हाताऱ्यांचे चहाचे पेले घसरायला लागले. मग त्यांनी टेबलांच्या पायांखाली विटा लावल्या. आर्किटेक्ट बघायला आला तर सगळीकडे विटा. तो आधी रुसला, मग तिथेच बसून त्याने चहा प्यायला आणि पुढच्या वेळी दोन पाय आखूड, दोन लांब अशी स्टुलं करून आणली. तरी काही म्हातारे अजून विटाच वापरतात.

विटा म्हटल्यावर मला आपलं मागचं अंगण दिसलं, बाबा. अंगण कसलं, घसरगुंडीच. घर घेतलं तेव्हा एजंटने त्याला व्ह्यू म्हटलं होतं. ते गणपतीचं जेवण आठवतं ना? तुम्ही घडीच्या खुर्च्या मांडताय, प्रत्येक खुर्चीच्या खालच्या पायांशी लाकडाच्या चकत्या लावताय, हाताने दाबून बघताय. नागपूरचे काका मसालेभात घ्यायला जरा वळतात आणि खुर्चीसकट हळूहळू, अगदी सन्मानाने, कुंपणापर्यंत जातात. ताट हातात तसंच. खाली पोचल्यावर म्हणतात, "काय राव, तुमच्याकडे जेवायला सीटबेल्ट लावावा लागते." सगळे पोट धरून हसतात. तुम्हीही हसता. पण मी तुमच्या शेजारी उभी आहे आणि तुमचे कान लाल झालेत.

पुढच्या वसंतात तुम्ही उतारावर खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, अगदी सरळ. इथे भिंत, मागे भराव, वर सपाट अंगण. मॉलच्या पार्किंगसाठी टेकड्या सपाट करायचं तुमचं रोजचंच काम, घरची टेकडी ती काय! त्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. दोरी कुजून गेली, खुंट्या आहेत. आई गवत कापताना प्रत्येक खुंटीला वळसा घालते. तिने त्या काढल्या नाहीत आणि भिंतही बांधली नाही. आता मात्र एकदम मनावर घेतलंय. मी गावात येतेय कळल्यावर फोनवर म्हणाली, "शनिवारी जेसीबीवाला येतोय. यांचं एवढं एक राहिलंय. तू समोर असलीस तर बरं." मागचं अक्रोडाचं झाडही जाणार होतं, ते भिंतीच्या रेषेत येतं.

हे सगळं मी त्या बाईंना कशाला सांगितलं देव जाणे. त्या क्रेटवर बसून माझ्यातले शेंगदाणे खात होत्या. सगळं ऐकून त्यांनी उपदेश केला नाही, उलट उत्सुकतेने विचारलं, "तुझे बाबा वाढले त्या गावात लोक उतारावर कुठे बसतात?"

आणि मला हसूच आलं. कारण तुम्ही तर वाईचे. घाटावर वाढलेले. सबंध गाव नदीकडे उतरत जातं आणि तो उतार म्हणजेच बसायची जागा. मी दहा वर्षांची होईपर्यंत तिथेच तर होते. संध्याकाळी तुम्ही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर, मी खालच्या, पाय पाण्यात. वरच्या पायरीवर कुणी म्हातारे गृहस्थ, शेजारी धुणं वाळत घातलेलं, कुणाला खुर्ची लागत नाही, कुणी घसरत नाही. पाणी चढलं की लोक एक पायरी वर सरकतात. मी बाईंना फोनवर घाटाचे फोटो दाखवले. त्या फोटो मोठे करून दगडांचे सांधे बघत राहिल्या आणि मला विचारत राहिल्या, पायरी पुढे कलती आहे का, किती, पाणी साठतं का. मला काय माहीत? एवढी वर्षं मी नुसती बसलेच होते.

पण ते तुम्हाला नक्की माहीत होतं. कारण ढाळ हा शब्द मला तुम्हीच शिकवलात. कचऱ्याच्या डब्यांखाली आपण दोघांनी काँक्रीट ओतलं होतं, आठवतं? मी थापीने गुळगुळीत केलं, पाणसळ लावून दाखवली, शाबासकीची वाट बघत होते. ते वाळल्यावर तुम्ही मगभर पाणी आणून त्यावर ओतलंत. पाणी जागचं हललं नाही. "बघ, बिचारं उभंच आहे. त्याला जायला वाट कुठे ठेवलीस?" मला इतका राग आला होता. पाणसळ तुम्हीच दिलीत आणि वर हे! आता मला कोडं वेगळंच पडलंय. पाण्याची इतकी काळजी करणारा माणूस, घाटावर वाढलेला, त्या एका उताराशी असा हट्टाला का पेटला?

शुक्रवारी घरी गेले ती क्रेटमधला टाकाऊ पुठ्ठा घेऊनच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपलं मागचं अंगण केलं, त्या लाकडी डोंगरासारखं, पुठ्ठ्याचे थर कापून. घर म्हणून आईने पोह्यांची वाटी ठेवली, अक्रोड म्हणून कोथिंबिरीची काडी. आधी म्हणाली, तुझं हे कायम असंच, सांगितलं एक की करणार दुसरं. मग चष्मा लावून जवळ आली. मी भिंत उभी करून दाखवली, कोथिंबीर काढावी लागली. मग भिंत काढली, थर पुढेमागे सरकवले, रुंद पायऱ्या झाल्या, उताराबरोबर वळत जाणाऱ्या, अक्रोडाला सोडून. आई पायऱ्यांवरून बोट फिरवत राहिली. चहा उतू गेला. तिला भिंतच हवी असेल तर मी भांडणार नव्हते, ते मनाशी ठरवून आले होते.

"तुझ्या बाबांना भिंतीचं काही नव्हतं गं," ती म्हणाली. "परत कुणी पडायला नको होतं. नागपूरवाले गेल्यावर रात्री मला म्हणाले, लोक आपल्याकडे हसायला येतील, जेवायला नाही."

मला हे ठाऊक नव्हतं. तुमचे कान लाल झालेले मी पाहिले होते, एवढंच. मी पायऱ्यांकडे बोट दाखवलं. आई म्हणाली, पायऱ्यांवरून माणसं पडत नाहीत असं कुणी सांगितलं तुला, घाटावर ते दोनदा पडलेत, एकदा तर लग्नाच्या कपड्यांत. आणि मग हसायलाच लागली, पदराने डोळे पुसत. तुमची ही गोष्ट मला कुणीच कधी सांगितली नव्हती.

शनिवारी जेसीबीवाला आला, दाढीवाला, डोक्यावर टोपी, या गावचाच. मी पुठ्ठ्याचं अंगण बाहेर नेऊन दाखवलं. त्याने बोटाने थर चाचपले आणि म्हणाला, इथे हिवाळ्यात जमीन फुगते, सिमेंटने जोडलेल्या पायऱ्या तडकतील, दगड नुसते रचा, दर वसंतात थोडे हलवून बसवायला लागतील. आईने विचारलं, दर वर्षी? तो म्हणाला, दर वर्षी. मला वाटलं, संपलं. पण आई आत गेली आणि बादली भरून घेऊन आली. "फर्स्ट वी सी द वॉटर," ती त्याला म्हणाली आणि उताराच्या डोक्याशी बादली उपडी केली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. पाणी गवतातून आधी सरळ आलं, मग तुमच्या खुंट्यांपाशी जरा घुटमळलं, डावीकडे वळलं, अक्रोडाच्या मुळांमागून फिरलं आणि कुंपणाच्या कोपऱ्यात गेलं. त्या माणसाने पुन्हा एक बादली मागितली. मग तिसरी मी आणली, नुसती बघायला मजा येत होती म्हणून.

पायऱ्या ठरल्या. आधी तीनच, एक हिवाळा जाऊ दे, मग बघू असं आई म्हणतेय. नागपूरच्या काकांना तिने फोनसुद्धा केला. ते म्हणाले, येतो, पण मी खालच्याच पायरीवर बसणार, पडायला उंची कमी. चिनी बाईंना फोटो पाठवायचाय. त्या ढाळाबद्दल नक्की विचारतील आणि मला पुन्हा उत्तर येणार नाही. वाईला जाऊन पायरीवर पाणसळ ठेवून बघावं असं डोक्यात आलंय. प्रदर्शन इथून ओहायोला जाणार आहे, तर मी ओहायोला जाणार की वाईला, ते अजून ठरत नाहीये.

नवी ओळ आखायला खुंट्या हव्या होत्या. आई म्हणाली, त्याच काढ, चांगल्या लाकडाच्या आहेत. एकेक हलवून काढल्या, पाणी वळलं होतं त्या वळणावर पुन्हा ठोकल्या. अक्रोडाजवळची शेवटची तेवढी राहिली. आईला सांगितलं, मुळांत अडकलीय, निघत नाही. हा कागद घडी करून पाणसळीच्या डब्यात ठेवतेय, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी ती ओढून पाहिलीच नाही.