रेषा नसलेली बोटं

तीर्थरूप मामांस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघा आता वाकतो का? मामींचा खोकला थांबला का? दोघंही खुशाल आहात असं धरून चालते आणि लगेच भांडायला घेते.

"ट्रकचं लायसन्स मिळालंच आहे, त्यावर धोकादायक मालाचा शेरा तेवढा मारून घे, एका सहीचं काम आहे," हे तुमचेच शब्द. (जन्मभर टँकर चालवलेला माणूस भाचीला थाप मारणार नाही, असा माझा समज होता.) शेरा नसेल तर रिकामी खोकी वाहत बस, असं ट्रकच्या मालकाने तोंडावर सांगितलं, म्हणून मी पुस्तक घेऊन अभ्यासाला बसले. त्यात प्रत्येक मालाची पाटी दिली आहे. एका पाटीवर हाताचं चित्र, वरून थेंब पडतोय आणि हात खाल्ला जातोय. ते बघून मी स्वयंपाकघरात नुसती बसूनच राहिले. मामा, हीच पाटी मी कामाला होते त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या कॅनवर होती! लग्नाआधीपासून मी त्या कॅनमधलं औषध चादरींवर ओतत होते, उघड्या हातांनी. तेव्हा कुणी शेरा मागितला नाही. (हातमोज्यांनी हात मंदावतो, असं आमच्या मुकादमीणबाईंचं मत. त्यांचा स्वतःचा हात फक्त चहाच्या कपाला लागायचा.)

परीक्षा पास झाले. मग नावावर काही गुन्हा नाही ना, या चौकशीसाठी बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवलं की यंत्राचा लाल दिवा. सगळीच्या सगळी बोटं नापास! खिडकीमागचा चष्मेवाला म्हणाला, "बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत. धुणंभांडी बंद करा, मलम लावा आणि मग या." घरी ह्यांनी भांडी घासली (दोन कपांचे कान गेले), सासूबाईंनी रोज माझी बोटं चोळली आणि मी हात वर करून राणीसारखी बसले. राणीला इतका संताप येत असेल असं वाटत नाही.

पुन्हा गेले, पुन्हा लाल दिवा. चष्मेवाला हसत म्हणाला, "तुम्ही चोरी केलीत तर सापडायच्याच नाहीत!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, या रेषा चोऱ्या करून गेलेल्या नाहीत. आजारी माणसांच्या चादरी पांढऱ्या करताना गेल्यात. जो माल मी बंद टाकीत, पाटी लावून न्यायची परवानगी मागतेय, तो इतकी वर्षं हातांवर घेतलाय. तेव्हा माझी चौकशी करायला तुम्ही कुठे होतात?"

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. हळूच म्हणाला, "दोनदा ठसे उमटले नाहीत तर नावावरून चौकशी होते. तसा नियम आहे."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा एकदाच झालं होतं ना."

अशा माणसाचं काय करायचं? (पुस्तकात त्याची पाटी नाही.)

तर शेरा मिळाला. त्याच दिवशी मी पुस्तकातलं ते हाताचं पान फाडलं आणि धुलाईखान्याच्या भिंतीवर चिकटवून आले. मुकादमीणबाई किंचाळल्या. माझ्या जुन्या मैत्रिणी मात्र काम सोडून आपापले हात बघत उभ्या राहिल्या. हातमोजे मिळेपर्यंत एकीनेही कॅन उचलला नाही, असं नंतर कळलं.

मामींना नमस्कार. तुम्हाला वर एकदा केलाय, तेवढा पुरे.

आपली संतापलेली,
भाची

ता. क. मी टँकरमधून दूध नेणार असं आईला सांगितलंय. तिने विचारलं तर दूधच म्हणा. सायीचं विचारलं तर फोन ठेवून द्या.

आणखी एक. पहिली खेप सोमवारी आहे. वाटेत मोठा उतार लागतो. टाकी अर्धी भरलेली असली की माल आत हिंदकळतो आणि गाडीला ढकलतो, असं पुस्तक म्हणतं. तेव्हा पोटात काय होतं ते लिहिलेलं नाही. पहिल्या खेपेला जाणता माणूस शेजारी बसवायला मालकाची हरकत नाही. मामा, मला भीती वाटते. याल का? उरलेलं भांडण परतताना करू, टाकी रिकामी झाल्यावर.