वरच्या मजल्याचं खातं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

एकशे सत्त्याऐंशीपैकी चौऱ्याण्णव! तीन आठवडे मागे लागून निम्म्यांनीच फॉर्म भरला. आणि त्या चौऱ्याण्णवांत बायका किती? अकरा. त्यातली एक मी.

सुश्रुत पुण्याहून फोनवर म्हणाला, "देवयानीताई, डेटा आहे तो आहे." त्याचं काय जातंय. आम्ही दोघं मिळून 'पारंबी' चालवतो खरे, पण सोळा तारखेच्या ऑनलाइन बैठकीत तोंड मला उघडायचंय. देशभरातले छोटे सर्व्हरवाले येणार. विषय – आपल्याकडे कोण कोण आहे. दहा मिनिटं बोलते म्हणून मीच हौसेनं कबूल करून बसले.

जेवताना अरुणने पुन्हा विचारलं, हे नक्की असतं काय. पुन्हा सांगितलं – फेसबुकसारखं एका कंपनीचं नाही, जो तो गट आपापला सर्व्हर चालवतो, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलतात. कुणी मालक नाही. "मग फॉर्म कोण भरायला लावतंय?" म्हणाला. दिवसभर बँकेत लोकांकडून फॉर्म भरून घेणारा माणूस! मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

५ नोव्हेंबर

तक्ता केला. गोल तक्ता, पण जवळजवळ एकाच रंगाचा. एकाहत्तर इंजिनिअर. पुणे, मुंबई, बंगळूर, अमेरिका. वय तीस ते पंचेचाळीस. आडनावं विचारली नव्हती, पण निम्म्यांनी नावाच्या रकान्यात लिहिली आहेत. ती वाचली आणि लॅपटॉप मिटला. आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या पाट्या वाचतेय असं वाटलं.

सगळ्यांसाठी मोकळी जागा म्हणून तीन वर्षांपूर्वी हे सुरू केलं. बैठकीत हा तक्ता दाखवायचा? लाज वाटते आहे. खिडक्या पुसल्या, मग कपाट लावलं, मग पुन्हा तक्ता उघडला. तोच रंग.

७ नोव्हेंबर

'वरचा मजला'ने अजून फॉर्म भरलेला नाही. मला सगळ्यात जास्त त्याचाच हवा आहे.

आमच्याकडचं हे एकच खातं मी रोज न चुकता वाचते. सकाळी चहाबरोबर. नाव नाही, फोटो नाही, फक्त 'वरचा मजला, कोलकाता'. चार-पाच ओळी, कधी दोनच. परवाचं –

"दुपारी फरशी पायाला गरम लागते. खाली काम जोरात आहे एवढं त्यावरून कळतं."

मी समजते खाली बेकरी असावी. आणि गेल्या हिवाळ्यातलं –

"हावड्याच्या लाँचमध्ये एक बाई पोत्यावर बसून ऊन खात होती. तिला पलीकडं जायचं नव्हतं. दोनदा गेली, दोनदा आली."

हे मनोहरकाका असणार, माझी खात्री आहे. खिदिरपूरला बंदरातून निवृत्त झाले, एकटे राहतात, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी लिहितात. दुसरं कोण लिहिणार कोलकात्यात असं मराठी? मी तक्त्यात आधीच भरून टाकलं – पुरुष, साठीच्या पुढे, निवृत्त. साठीच्या पुढचा तोच एक. तक्त्याला जरा बरं दिसतं.

वैदेहीसुद्धा वाचते ते. पंधरा वर्षांची झाली, जन्मापासून तीन बदल्या, घरात आमच्याशी बोलते ते अर्धं हिंदी, अर्धं बंगाली. मराठी पुस्तक हातात घेत नाही. हे मात्र फोनवर वाचते आणि मला अर्थ विचारायला येते. काल 'मूस' म्हणजे काय विचारत होती. मी म्हटलं, साचा असेल.

९ नोव्हेंबर, रविवार

सर्व्हरची जागा भरत आली. शिवाय जाहिरातवाल्यांची खोटी खाती घुसतायत. सुश्रुत आणि मी ठरवलं – जे चौदा तारखेपर्यंत फॉर्म भरणार नाहीत त्यांची खाती बंद. तेवढीच साफसफाई, आणि तक्ताही पुरा होईल. तशी सूचना टाकली.

सुश्रुत म्हणाला, "आधी निलंबित करू या ताई. तीस दिवस परत आणता येतात." म्हटलं, बघू.

११ नोव्हेंबर

'वरचा मजला'ने सूचनेखाली उत्तर दिलं, एकच ओळ – "या फॉर्मात जागा नाही."

मला राग आला. म्हाताऱ्या माणसांचे हे रुसवे! मी लिहिलं, "इतरवर खूण करा की, एवढं काय." पुढे हसरा चेहराही टाकला.



१४ नोव्हेंबर

केलं. मुदतीत आणखी तिघांनीच फॉर्म भरला. उरलेली नव्वद खाती निवडली आणि 'कायमचं काढा' दाबलं. निलंबित वगैरे नाही. कधी एकदा हे संपतंय असं झालं होतं. दाबताना यादीत नाव दिसलं होतं, खोटं कशाला लिहू. मनात म्हटलं, काका येतील धावत, नवं खातं काढतील.

१५ नोव्हेंबर

चहा घेतला. वाचायला काही नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बैठक झाली. लोकांनी तक्त्याचं कौतुक केलं – बाकीच्यांकडे तेवढासुद्धा नव्हता. मग केरळच्या एका सर्व्हरवालीने शांतपणे विचारलं, "ज्यांना काढलंत ते कोण होते?"

मी म्हटलं, बरीचशी खोटी खाती. ती म्हणाली, "बरीचशी म्हणजे?"

मी आवाज तुटतोय असं सांगून कॅमेरा बंद केला. त्या नव्वदांत सगळे खोटे नव्हते हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी सुश्रुतला म्हटलं, बॅकअपमधून एक खातं काढून दे. बॅकअपच नाही म्हणाला. जागा नव्हती म्हणून जुलैपासून त्याने बॅकअप बंद ठेवला होता. मला सांगितलं नाही. मी कधी विचारलंही नाही. आणि ज्या दुसऱ्या सर्व्हरांवर प्रती गेल्या होत्या त्यांना आमच्याच यंत्राने कळवलं – हे खातं गेलं, तुम्हीही पुसा. त्यांनी इमानेइतबारे पुसलं. तीन वर्षं, सहाशेच्या वर नोंदी.

वैदेहीला सांगावं लागलं. "तू काढलं? आई, तू स्वतः?" एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. रडली असती तर बरं झालं असतं.

१८ नोव्हेंबर

खिदिरपूरला जाऊन आले. मनोहरकाकांसाठी नव्या गुळाचे संदेश – इथली मिठाई – नेले, माफी मागायची म्हणून. बोलायला सुरुवात केली तर ते चष्म्यावरून बघत राहिले.

"कसला मजला? मी तळमजल्यावर राहतो, गुडघे गेलेत. आणि मला त्या मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपच्या पुढचं काही येत नाही."

संदेश मात्र आवडले त्यांना. दोन खाल्ले आणि विचारलं, "पण तुला मीच का वाटलो?"

येताना बसमध्ये तोच प्रश्न. का वाटले? कारण माझ्या ओळखीत दुसरं कुणी नव्हतं. कोलकात्यातली मराठी माणसं म्हणजे मंडळाची यादी, आणि यादीत बँकवाले, केंद्र सरकारवाले, आयटीवाले. आम्हीच.

१९ नोव्हेंबर

खातं उघडताना दिलेला ईमेल पत्ता सूचनांच्या जुन्या यादीत सापडला. लिहिलं. चार वेळा खोडून शेवटी तीनच ओळी – चूक माझी, भेटायचं आहे, याल का किंवा येऊ का.

२० नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर फोन हातात. आमटी करपली.

२१ नोव्हेंबर

उत्तर! "रविवारी या. बडा बाजार, सोनापट्टी. दत्तात्रय गलाईवाले विचारा. कुणीपण सांगेल."

गलाईवाले. सोनं-चांदी गाळणारे. सांगलीकडच्या गावांतून देशभर गेलेले – हे मला माहीत होतं की. कधीतरी वर्तमानपत्रात वाचलंही होतं. दोन वर्षं या शहरात राहून एकदाही आठवलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजच लिहायला हवं.

मेट्रोने महात्मा गांधी रोड, पुढे हमालांच्या धक्क्यांतून चालत. गल्लीत तेजाबाचा वास, डोळे चुरचुरतात. खाली लहानसं दुकान, भट्टी, आणि चिमट्यात धरलेलं लालभडक भांडं. ती मूस. वैदेहीला मी साचा म्हणून सांगितलं होतं. भट्टीपाशी दत्तात्रय होते. मान वर न करता म्हणाले, "वर जावा वैनी. पायऱ्या अरुंद हायत."

वर तिघी. दत्तात्रयांची बायको शकुन, चाळिशीची. तिची जाऊ सुमन, तिशीची. आणि सासू विजयाबाई, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, भिंतीला टेकून. फोन एक, तो सुमनचा. खातं एक. विजयाबाई सांगायच्या, सुमन टाइप करायची, आणि काय ठेवायचं, काय गाळायचं ते शकुन ठरवायची. तिघींचं मिळून 'वरचा मजला'. पायाखालची फरशी खरंच गरम होती.

मी माफी मागितली. सुमनने फोनवर माझा फॉर्म काढला. फोटो काढून ठेवला होता तिने.

"हे बघा. वय एकच मागतंय. आमी तिघी. म्हटलं चला, आत्याबाईंचं टाकू. मग शिक्षण." तिने बोट ठेवलं. "पयलाच पर्याय पदवीधर. त्याच्याहून कमी काय बी न्हाई. मी दहावी, ह्या सातवी, आत्याबाई शाळेतच गेल्या न्हाईत."

"तुमी लिवलं इतरवर खूण करा," शकुन म्हणाली. "कामाच्या रकान्यात इतर हाय. शिक्षणात न्हाई, वैनी. आमी दोनदा बघितलं."

फॉर्म मी केला होता. मी एकटीने, एका दुपारी. सत्त्याण्णव जणांनी भरला आणि एकालाही काही कमी वाटलं नाही, कारण सगळेच पदवीधर.

मला वाटलं, आता चिडतील. शकुन चिडली नाही. "पुसलंत त्येचा राग न्हाई," म्हणाली. "सरकारी माणसं पुसत्यातच. पर जागा न्हाई म्हटल्यावर का न्हाई, असं इचारलं न्हाई तुमी." मी मान खाली घातली.

त्यांनी कुठे उतरवून ठेवलं असेल, वही असेल, असा मला वेडा भरवसा होता. विचारलं. सुमनने मान हलवली. "वही कशाला? तिथंच होतं की सगळं."

विजयाबाईंना म्हटलं, आजी, पुन्हा सांगाल? त्या हसल्या आणि शकुनला विचारलं, "ही कुठली पोरगी?" तिसऱ्यांदा विचारत होत्या. शकुन हळूच म्हणाली, दिवाळीपास्नं असंच हाय, आता कालचं आठवत न्हाई.

भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. निघताना सुमनने विचारलं, "मंडळाचा गणपती कुठं बसतो तुमचा? आमची इथं साठ-सत्तर घरं हायत, कधी बोलावणं न्हाई आलं."

२४ नोव्हेंबर

फॉर्म बदलला. मग पुसूनच टाकला. तक्ताही.

सुश्रुत म्हणतो, मी भावनेच्या भरात वाहत चालले आहे. त्याच्याशी फोनवर बोलता बोलता मला रडू आलं. बॅकअप मात्र सुरू केला त्याने.

२७ नोव्हेंबर

वैदेहीच्या फोनमध्ये सापडल्या – चार नोंदी! अर्थ विचारायचे म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवलेल्या. सहाशेतल्या चार. सुमनला पाठवल्या. लाँचमधल्या बाईची आहे त्यात. मूसची पण आहे.

सुमनचं उत्तर – "आत्याबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, चांगलं लिवलंय, कुणी लिवलंय?"

लिहिताना डोळे भरून येतायत. थांबते.

३० नोव्हेंबर

सुमनला लिहिलं – पारंबीवर नवं खातं काढून देते, कसलाही फॉर्म नाही. उत्तर आलं, "बघू." माझाच शब्द.

६ डिसेंबर

दोन वेळा फोन केला. सुमन म्हणते, कामात आहोत. कसल्या कामात? सांगत नाही. वैदेही म्हणाली, "आई, तू त्यांच्या पाठीमागे लागू नको ना." बरोबर आहे तिचं. तरी दर तासाला बघते.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळी सुश्रुतचा फोन. "ताई, 'मूस' नावाचा नवा सर्व्हर दिसतोय. मराठी. बघितलात?"

बघितला. दत्तात्रयांच्या कुणा भाच्याने हैदराबादहून उभा करून दिलाय, चालवतात तिघी. गुवाहाटी, मदुराई, कानपूर, कोची – जिथे जिथे गलाई आहे तिथल्या वरच्या मजल्यावरच्या बायका. आठवड्यात तीनशे अकरा! आमची पारंबी तीन वर्षांत आता सत्त्याण्णववर आहे.

आनंद झाला. खरंच झाला. आणि आतून टोचलंही – मला विचारलं नाही. एवढी वर्षं सर्व्हर चालवतेय, मला एका शब्दाने विचारलं नाही. अरुण म्हणाला, "त्यांना तुझी गरज लागली नाही." वाईट हेतूने नाही म्हणाला.

बाहेरून दोन नोंदी दिसतात, बाकी आत गेल्याशिवाय वाचता येत नाही. वैदेही दिवसभर मागे लागली आहे – आई, आत जायचं.

१५ डिसेंबर

अर्ज केला. त्यांचाही फॉर्म आहे. वयाच्या रकान्यात तीन जागा. मग शिक्षण – शाळा नाही, चौथी, सातवी, दहावी, इतर.

मी एम.एस्सी. इतरवर खूण केली. खाली अक्षरं आली – "अर्ज मिळाला. तिघींनी बघितल्यावर कळवू."