गोदाच्या गळ्यातला दिवा

मु. कातळवाडी, ता. रत्नागिरी
२ सप्टेंबर १९३१

चि. सौ. मालन हिस सासऱ्याकडून आशीर्वाद.

इकडे भात पोटरीला आलं आहे. तांबू व्याली, पाडी झाली. गोदाच्या बापाला, केरूला, मुंबईस कळवलं आहे.

गोदा गेल्याचं तुझं कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने परवा खळ्यातच दिलं. असलं कार्ड बाहेरच वाचून फाडायचं असतं, घरात न्यायचं नसतं. माझ्याने फाडवलं नाही. कनवटीला लावून हिंडतो आहे.

तू लिहितेस, गोदाला ताप भरला तरी तुझ्या माहेरच्यांनी गंडमाळेच्या धाकाने तिला पडवीतच निजवलं. पाऊस आत येत होता. तू लिहितेस, मामंजी, आपण सांगितलं तसंच शेवटपर्यंत पाळलं.

मालन, त्या दिवशी रत्नागिरीत तू दवाखान्याच्या पायरीवर बसली होतीस. आत डॉक्टरांनी खिडकी लावली आणि गोदाच्या मानेवरच्या गाठीमागे बॅटरी धरली. गाठ आरपार उजळली. म्हणाले, "ही गंडमाळ नव्हे. नुसतं पाणी साठलंय. कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही."

पोरीने विचारलं, "आजा, काय दिसतंय?" मी म्हटलं, दिवा. परतताना गाडीत ती तुला सारखी सांगत होती, "आये, माज्या गल्यात दिवा हाय." तू हसलीस. मी बैलांकडे बघत राहिलो.

तुझ्या नणंदेचं, विमलाचं, लग्न सावर्ड्यात जमत होतं. गळ्याला गाठ दिसली की लोक गंडमाळच म्हणणार, डॉक्टरांचं कोण ऐकतो? खरं सांगितलं असतं तर तू लेकीला घेऊन देवरुखास गेली नसतीस. म्हणून गंडमाळ आहे, लागते, पोरीला वेगळं ठेव, असं खोटं बोललो. लग्न झालं की आणू म्हटलं. लग्न झालं. मग दोन वर्षं स्वतःचं खोटं कबूल करायची लाज वाटली. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. ती तापाने गेली, पण तिला पडवीत मी निजवलं.

तिचं वेगळं ठेवलेलं ताट इथे पडवीच्या वाशाला तसंच खोचलेलं होतं. काल काढून घासलं. त्यातच जेवलो, तिच्या जागेवर बसून. तुझ्या सासूबाई ओरडल्या, "अवो, त्या ताटात नको, रोग लागंल!" मी त्यांना सगळं सांगितलं. तेव्हापासून त्या बोलत नाहीत.

तू मला क्षमा करू नकोस. फक्त माहेरच्या माणसांना हे पत्र वाचून दाखव. तुझी पोर निरोगी होती.

वर सवयीने आशीर्वाद लिहिला, तो खोडून वाच.

गोदाचा आजा,
रावजी