जात्याची दुसरी ओळ

वेणूले तिच्या ताईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही मजेत आहो. माझ्या गुडघ्याची काळजी करू नको, गोल बाजारातलं तेल लागू पडलं.

रविवारी नातीनं, आपल्या स्नेहलनं, मले इथल्या नव्या राजधानीकडचं मुक्तांगण नावाचं उघड्यावरचं संग्रहालय दाखवलं. मोकळ्या रानात अख्खं गाव उभं केलं आहे वं! सारवलेली घरं, मातीचे बैल, पुतळे. चौकीदारालेही मी पुतळाच समजली. तो हसला तशी मी दोन पावलं मागं!

एका ओसरीत जातं होतं. शहरातल्या बाया ते रिकामंच फिरवून राहिल्या होत्या. मी रागावली, पदरातले फुटाणे टाकले अन् दळायले बसली.

स्नेहल इकडच्या हिंदीत म्हणे, "आजी, इसको छूना मना है!"

चौकीदार म्हणे, "चलाओ अम्मा, चलाओ."

जातं लय जड होतं. मी ओवीची पहिली ओळ म्हटली अन् सवयीनं थांबली, दुसरी तुझी ना! तेवढ्यात जातं हलकं झालं, समोरून कोणी खुंटा धरल्यासारखं. आधी इतकं बरं वाटलं. मग समोर पाहिलं तं कोणीच नव्हतं, मी हात सोडला.

तुझा दमा कसा आहे? पंधरा दिवसांपासून फोन केला की तुझी सून म्हणते, "मावशी, त्या झोपल्या आहेत." सकाळीही, संध्याकाळीही. इतकी काहून झोपतेस?

बाकी काही लिहू नको. फक्त ओवीची ती दुसरी ओळ लिहून पाठव. ती तुझ्याशिवाय कोणाले येत नाही.

खुंटा धरून बसलेली,
तुझी ताई