कर्ज मागण्याची योग्य पद्धत

६ जानेवारी, सोमवार

जुन्या मशीनने आज पुन्हा पुठ्ठा चावला. कापायचा तो चावला. केकची खोकी सगळी कचऱ्यात. मिस्त्री म्हणाला, बाई, हिला आता ओढाल तितकी ओढा, पण उन्हाळा काही ती बघत नाही. बूटवाल्याची वर्षभराच्या खोक्यांची ऑर्डर एप्रिलपासून सुरू होणार. नवं मशीन नसेल तर ऑर्डर नाही. ऑर्डर नसेल तर कारखान्याला कुलूप. तेव्हा नवं मशीन. तेव्हा कर्ज.

लोक कर्ज मागताना लाचार होतात. मी कॉमर्स ग्रॅज्युएट आहे, फर्स्ट क्लास. मी मागणार नाही, मी संधी देणार. संकल्प: कुणापुढे मान तुकवायची नाही. पंधरवड्यात काम फत्ते.

हे म्हणाले, थोडं गोड बोलून बघ. लग्नापासून यांना एवढं एकच वाक्य सुचलेलं आहे.

९ जानेवारी

बँक. मॅनेजर म्हणजे कालचं पोर. माझ्यासमोर बसून फोन बघत होता. म्हटलं, आधी तो ठेवा. ठेवला. पहिला डाव माझा.

हिशेब पुढे ठेवले. बँकेच्या कारभारातल्या चुकाही सांगितल्या: डुगडुगती खुर्ची, बंद घड्याळ, पासबुकाच्या मशीनवर कायमची चिकटवलेली 'बंद आहे' ही चिठ्ठी. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मॅडम, सध्या वरूनच हात आखडता आहे, लहान धंद्याला तारणाशिवाय काही देता येत नाही, तारण काय देता? म्हटलं, माझा शब्द. तर म्हणे, शब्दाला सिस्टिममध्ये रकाना नाही.

घर यांच्या नावावर. घरी येऊन विचारलं. हे म्हणाले, घर तारण ठेवणार नाही, उतारवयात मला तुझ्याबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहायचं नाही. आक्षेप खोलीला होता की आणखी कशाला, ते विचारलं नाही.

मॅनेजर 'कळवतो' म्हणाला आहे. दबलेला दिसला. मंजूर होणार.

१७ जानेवारी

नामंजूर. मेसेजवर. वर 'आपला दिवस शुभ जावो'.

बँकेला माझ्यासारखी ग्राहक पेलली नाही. माझी पुरती तयारी आहे. बँक सोडून जगात मार्ग पुष्कळ आहेत.

२० जानेवारी

एक मार्ग स्वतःच फोन करून आला. कुठल्याशा फायनान्स कंपनीची मुलगी. तारण नको, कागद नकोत, महिन्याला फक्त दोन टक्के. विचारलं, दोन टक्के कशावर? उरलेल्या रकमेवर की मूळ रकमेवर? मॅम, मूळ रकमेवर. म्हणजे शेवटच्या महिन्यात, जवळजवळ सगळं फेडून झाल्यावरही, व्याज पहिल्या दिवसाइतकंच? ती म्हणाली, थांबा, सरांना विचारते. सर आले. सरांना भागाकार येत नव्हता. शिकवला. शेवटच्या पायरीवर त्यांनी फोन ठेवला.

असल्या लुटारूंकडून मरेपर्यंत घेणार नाही. इथे माझंच बरोबर. (इतर ठिकाणीही माझंच बरोबर आहे, पण इथे सूनसुद्धा तसं म्हणाली.)

२८ जानेवारी

आठवडाभर बाहेरच. कारखान्याच्या पुढच्या दुकानात काउंटरवर सून बसते. एरवी ती मागे हिशेब बघते. सकाळी म्हणाली, आई, तुम्ही निवांत बाहेरची कामं करा, दुकानाची काळजी नको. आज परत आले तर काउंटरपुढे एक स्टूल. कुणासाठी? तर गिऱ्हाइकांसाठी! बसायला! आणि पाणी! स्टूल आत टाकलं. गिऱ्हाईक बसलं की रेंगाळतं आणि रेंगाळलं की भाव करतं.

आठवड्यात नव्या ऑर्डरी बऱ्याच आल्या. सीझन.

समोरचा दुकानवाला दारात उभा. हा माणूस मुद्दाम माझ्या नाकासमोर खोक्यांचं दुकान काढून बसला आहे. एरवी दात कोरत मजेत असतो. हल्ली तोंड उतरलेलं. तब्येत असावी. चौकशी करणार नाही.

४ फेब्रुवारी

पुठ्ठेवाल्याकडे गेले. योजना सोपी: त्याने तीन महिन्यांची उधारी वाढवावी, तो पैसा मी मशीनला वळवते. फुकट भांडवल. त्याला हे कळायला वेळ लागला, कारण आधी मागच्या लॉटमधली ओल मला सांगायची होती. तो म्हणाला, बाई, तुमचा पैसा वेळेवर येतो, त्यात शंका नाही. पण तुम्ही दर गठ्ठा नाकाला लावून परत पाठवता, माझा टेम्पोवाला तुमचं नाव काढलं की सुट्टी टाकतो. उधारी द्यायची तर गठ्ठे परत करणं बंद करा.

ओला पुठ्ठा घ्यायचा? उठून आले. तत्त्व म्हणून काही असतं.

११ फेब्रुवारी

मशीन विकणाऱ्याकडे. हप्त्यांवर देतो, असं ऐकलं होतं. देतो, पण निम्मे आधी. त्याला म्हटलं, तुझं मशीन आहे त्याच्या दीडपट भावाचं आहे, आणि भाव सांगताना तू डोळ्याला डोळा देत नाहीस. मग हप्त्यांचं विचारलं. आता हप्त्यांची स्कीम बंद झाली म्हणे. मी जिना चढेपर्यंत चालू होती.

१९ फेब्रुवारी

बूटवाला. त्याच्याकडून ऑर्डरीचे आगाऊ पैसे घ्यायचे, हे मी रिक्षातच पक्कं केलं होतं. कसं सुनवायचं तेही. तर मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, ताई, सगळ्यांचीच ओढाताण आहे, हवं तर निम्मे आत्ताच देतो, मशीन घ्या.

हवं तर! म्हणजे मी मागायला आले आहे, असं त्याने गृहीत धरलं. म्हटलं, आमच्याकडे कमी काही नाही, सहज आले होते. चहाही घेतला नाही.

घरी सुनेला सांगितलं. तिने हिशेबाची वही मिटली. मग म्हणाली, आई, तुम्ही पैशांसाठीच गेला होतात ना? हल्लीच्या मुलींना मान म्हणजे काय ते कळत नाही.

३ मार्च

मशीनचा पट्टा तुटला. मिस्त्रीने दोरी बांधली आहे. बूटवाल्याने विचारलं, एप्रिलचं नक्की ना? नक्की, म्हटलं.

उरली पतसंस्था. व्यापाऱ्यांची. तिथे जायचं नाही, असं ठरवलं होतं, कारण पूर्वी मी कमिटीवर होते आणि बाहेर पडताना उरलेल्यांना बिनकण्याचे म्हणाले होते. पण आता त्यांना सुधारायची संधी देते.

कर्जाला जामीनदार लागतो, आणि तोही त्याच धंद्यातला. हा नियम मीच करून घेतलेला. इतर धंद्यातला कुणीही सही ठोकतो, आपल्या धंद्यातला माणूसच खरं ओळखतो. उत्तम नियम आहे.

या भागात खोक्यांच्या धंद्यात दोघंच. एक मी.

१० मार्च

त्याच्याकडे जाणार नाही.

१४ मार्च

दोरी तुटली. मिस्त्री म्हणाला, दुसरीकडे काम बघू का, तेवढं मोकळेपणी सांगा. हा माणूस माझ्या लग्नाआधीपासून इथे आहे. 'काही बघू नका,' म्हटलं. आवाज नीट निघाला नाही. सर्दी.

रस्ता ओलांडला. समोरच्याच्या दारात उभी राहिले. म्हटलं, पुढच्या शनिवारी पतसंस्थेची मीटिंग आहे, तुम्हाला वेळ असेल तर या. माझ्या मते याहून स्पष्ट विनंती करता येत नाही. तो म्हणाला, बाई, आत तरी या. म्हटलं, दुकान उघडं आहे.

२२ मार्च, शनिवार

मंजूर!!

अर्जदाराने बाहेर बसायचं, म्हणजे आतले मोकळं बोलतात. हाही नियम माझाच. बाहेर बाकावर बसले. हे सभासद म्हणून आत. मग हशा. पुन्हा हशा, टेबल वाजवल्याचा आवाज. मग मला आत बोलावलं.

समोरचा जामीन राहिला. स्वतःहून! अट एकच: कर्ज फिटेपर्यंत काउंटरवर बाईंनी स्वतः बसायचं, सुनेला बसवायचं नाही. मी तिथल्या तिथे सही केली. सुनेकडे विजयाने बघायचं होतं, पण ती घरी होती.

याला म्हणतात पारख. बँक नाही, बूटवाला नाही, घरचे तर नाहीतच. माझी किंमत शेवटी शत्रूला कळली. कर्जाची पाचही वर्षं दुकान माझ्या हाताखाली राहावं, हे त्याला कळतं.

२३ मार्च

हे सकाळपासून एकटेच हसत होते. चहा सांडला. शेवटी सुनेने विचारलं, बाबा, झालं काय? मग यांनी तिला सांगितलं, मी भिंतीआड आहे हे माहीत असून, मोठ्याने.

कमिटीने समोरच्याला विचारलं, म्हणे, की तुम्ही का जामीन राहता? तर तो उभा राहून म्हणाला, हप्त्याची मला चिंता नाही, बाई हप्ता एक दिवस चुकवायच्या नाहीत. चिंता माझ्या पोटाची आहे. माझी निम्मी गिऱ्हाइकं आधी बाईंच्या काउंटरवर जाऊन मग रस्ता ओलांडून माझ्याकडे येतात. जानेवारीत सून बसली, तर माझ्याकडे दिवसाला एक माणूस येईना. हा कारखाना बंद पडला किंवा ती मुलगी कायमची काउंटरवर बसली, तर मी बुडालो. तेव्हा लिहून घ्या, बाईच बसतील.

सून हसली नाही. तेच जास्त लागलं.

७ एप्रिल

नवं मशीन सुरू. मिस्त्री त्याच्याभोवती नव्या जावयासारखा फिरतो. बूटवाल्याचा पहिला लॉट वेळेत गेला.

समोरच्याला सुट्टी देणार नाही. अट मी बसण्याची आहे, कसं बसायचं याची नाही. आतून स्टूल काढून पुसलं. पाण्याचा तांब्या भरला. उद्यापासून गोड बोलणार. सहा महिन्यांत तो दुकान विकायला काढेल.

८ एप्रिल, सकाळ

पहिलं गिऱ्हाईक, मेणबत्त्या विकणारा. या, म्हटलं. बसा, म्हटलं. पाणी दिलं. भाव कमी करा म्हणाला, तरी हसले. गाल दुखले.

मग त्याने ताज्या चिकटवलेल्या खोक्यांवर कोपर टेकलं.

मी फक्त एवढंच म्हटलं, की हे काय तुमच्या आईचं घर आहे का.

थोड्या वेळाने

मेणबत्तीवाला रस्त्यापलीकडे बसला आहे. स्टुलावर. समोरच्याकडे पूर्वी स्टूल नव्हतं. नवीन दिसतं.

चार आणलीत.